अलाउन्स म्हणजे नुसता भत्ता नव्हे

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

काही इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो, पण कुणी ‘म्हणजे नेमकं काय रे?’ असं विचारलं की बोलती बंद होते. ‘अलाउन्स’ हा त्यातलाच एक. ऑफिसमधल्या क्लार्क साहेबांच्या तोंडी हा शब्द आला की अर्थ होतो पैसा. वर्कशॉपमध्ये सरांच्या तोंडी आला की अर्थ होतो मिलिमीटर. रेल्वेच्या नियमात तो किलोत मोजतात आणि आहाराच्या तक्त्यात ग्रॅममध्ये. शब्दकोश उघडावा तर तिथे ‘भत्ता’ एवढ्यावर काम उरकलेलं असतं. मग मराठी माध्यमातून आलेला पोरगा फाउंड्रीच्या पुस्तकात ‘श्रिंकेज अलाउन्स’ वाचतो आणि विचारात पडतो, की बुवा, आक्रसायचा भत्ता कोण कुणाला देतं?

म्हणून म्हटलं, या एका शब्दाच्या मागे जरा लागून बघू. वायवाला उपयोग होईल, आणि कदाचित त्याहून थोडा जास्त.

शब्द आला कुठून?

इंग्रजीतला ‘अलाउ’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्या फ्रेंच शब्दात दोन वेगवेगळे लॅटिन शब्द एकमेकांत मिसळून गेले होते. एकाचा अर्थ वाखाणणे, पसंत करणे. दुसऱ्याचा अर्थ जागा नेमून देणे. म्हणजे अलाउन्सच्या पोटात दोन गोष्टी आहेत : मंजुरी आणि जागा. यातली ‘जागा’ लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम पडणार आहे.

आपला ‘भत्ता’ संस्कृतातल्या ‘भक्त’पासून आला असं मानतात, आणि तिथे भक्त म्हणजे देवाचा नव्हे, तर शिजवलेला भात! ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोहिमेवर गेलेल्यांना पगाराव्यतिरिक्त जे मिळायचं त्याला इंग्रज लोक ‘बट्टा’ म्हणत. १७६६ मध्ये क्लाइव्हने बंगालच्या फौजेतला दुप्पट बट्टा बंद केला, तेव्हा खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनी बंड करून राजीनाम्याच्या धमक्या दिल्या. भेळभत्त्याशी या शब्दाचं नातं असो नसो, पोटाशी नक्की आहे.

खिशातला अलाउन्स

आधी स्टाफच्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ. सरकारी भाषेत डीए दोन असतात आणि विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. ‘टीए-डीए’मधला डीए म्हणजे दैनिक भत्ता, कामासाठी बाहेरगावी गेल्यावर मिळणारा. पगाराच्या स्लिपवरचा डीए म्हणजे महागाई भत्ता. पेपरात ‘डीए वाढला’ अशी बातमी येते ती या दुसऱ्याची.

महागाई भत्ता ही काही सरकारची मेहेरबानी म्हणून आलेली गोष्ट नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, धान्याचे भाव चढले, आणि मार्च १९४० मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांनी याच भत्त्यासाठी संप केला. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं : पगार तेवढाच आहे, पण त्यात येणारी ज्वारी कमी झाली आहे.

आज केंद्र सरकारात हा भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, बदलतो. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक असतो, त्याची मागच्या बारा महिन्यांची सरासरी काढतात. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनासाठी जे सूत्र ठरलं त्यात ही सरासरी २६१.४२ पेक्षा किती टक्के वाढली ते बघतात. तेवढे टक्के म्हणजे महागाई भत्ता. सरासरी ३९२.१३ झाली की भत्ता बरोबर ५० टक्के. करून बघा, कॅल्क्युलेटर तर सगळ्यांकडे आहेच. (५० टक्क्यांचा हा टप्पा जानेवारी २०२४ पासून आला.)

आता यातली गंमत अशी, की ‘पगार वाढला’ म्हणून पेढे मागणाऱ्यांना कळत नाही, की यात वाढ काहीच नाही. जे आक्रसलं ते भरून दिलं, एवढंच. शिवाय सरासरी मागच्या बारा महिन्यांची, म्हणजे भत्ता कायम महागाईच्या मागून चालतो. आणि तो थांबवताही येतो. कोरोनाच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ पर्यंतचे तीन हप्ते गोठवले होते. जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी मिळाली नाही.

आपल्या होस्टेलमधल्या पोरांचा भत्ता म्हणजे निर्वाह भत्ता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तो असतो, आणि घरून ये-जा करणाऱ्यापेक्षा वसतिगृहात राहणाऱ्याला जास्त असतो. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या पोराला शहरात राहून शिकता यावं हा तिचा हेतू. पंजाबराव आपल्या अमरावती जिल्ह्यातले, आणि बहुजनांच्या पोरांची शाळा-वसतिगृहं उभी करण्यात आयुष्य घातलेले, त्यामुळे नाव अगदी योग्य आहे. अडचण फक्त वेळेची असते. मेसचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं, भत्ता महिन्याच्या महिन्याला येत नाही. मधली जागा कोण भरतं? बाप, नाहीतर रूममेट.

तिसरा प्रकार म्हणजे बेकारी भत्ता. याचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात ती लाखो लोकांच्या कामी आली, आणि पुढे १९७७ चा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही ती आली : पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा, त्यानंतर निदान निम्मी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत तो कायदा लागू झाला, त्यात आपला यवतमाळ होता. नीट बघितलं तर हा भत्ता मजुराला दिलेली मदत नाही. काम देण्यात सरकार चुकू शकतं, हे कायदा करणाऱ्याने आधीच धरलं आणि त्या चुकीची किंमतही आधीच लिहून ठेवली.

चूक होणार हे आधी धरायचं आणि तिला लिहून जागा द्यायची. इथून आपण सरळ वर्कशॉपमध्ये येतो.

मापातला अलाउन्स

फाउंड्रीत बिडाचा एक मीटर लांबीचा तुकडा हवा असेल, तर लाकडाचा पॅटर्न एक मीटरचा करून चालत नाही. ओतलेलं बीड थिजल्यावर थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आक्रसतं. अॅल्युमिनियम १३ च्या आसपास, पोलाद २० च्या आसपास. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. हा झाला श्रिंकेज अलाउन्स. जुने पॅटर्नमेकर यासाठी वेगळीच फूटपट्टी ठेवत. तिच्यावर एक मीटर लिहिलेलं असे, पण ती प्रत्यक्षात मीटरपेक्षा लांब असे. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. त्या पट्टीने मापलं की हिशेब करायची गरजच नाही, आक्रसणं पट्टीतच धरलेलं!

वायवातला आवडता प्रश्न : पॅटर्नवरचा अलाउन्स कोणतं आक्रसणं भरून काढतो? उत्तर : फक्त घट्ट झाल्यानंतरचं. पातळ असतानाचं आणि थिजतानाचं आक्रसणं रायझर सांभाळतो.

त्याशिवाय मशिनिंगसाठी थोडा माल जादा ठेवायचा. पॅटर्न वाळूतून काढताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना एक ते तीन अंशांचा उतार द्यायचा, तो ड्राफ्ट अलाउन्स. आणि पॅटर्न ठोकून सैल करताना वाळूतला खड्डा मोठा होतो, म्हणून त्यासाठी पॅटर्न उलट किंचित लहान करायचा. म्हणजे हा अलाउन्स वजा! ‘अलाउन्स म्हणजे नेहमी जादा’ हा समज इथेच मोडतो.

दुसरा गोंधळ अलाउन्स आणि टॉलरन्सचा. एक उदाहरण पुरेसं आहे. भोक २५ मिलिमीटरचं, एच-७. म्हणजे ते २५.००० ते २५.०२१ मध्ये कुठेही चालेल. शाफ्ट एफ-७. तो २४.९५९ ते २४.९८० मध्ये कुठेही चालेल. या दोन्हीतली २१ मायक्रॉनची सूट म्हणजे टॉलरन्स. ती एकट्या भागाची असते आणि टर्नरसाठी असते, कारण कोणताही हात किंवा मशीन दर वेळी तेच माप देऊ शकत नाही. आता सगळ्यात लहान भोक २५.००० आणि सगळ्यात जाड शाफ्ट २४.९८०, यांच्यातला ०.०२० मिलिमीटर म्हणजे अलाउन्स. तो जोडीचा असतो आणि डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तिथे तेलाला जागा हवी. तोच शाफ्ट पी-६ घेतला तर जाडीची वरची मर्यादा २५.०३५ होते, अलाउन्स उणे ०.०३५ होतो, आणि शाफ्ट दाबूनच बसवावा लागतो.

उणे अलाउन्स बघायला कॉलेजात यायची गरज नाही. माझं गाव फुलसावंगी, महागाव तालुक्यातलं. आमच्या भागात लाकडी चाकाच्या बैलगाड्या होत्या तेव्हा चाकावर लोखंडी धाव चढवायचं काम उघड्यावर व्हायचं. धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर ठोकायची आणि वरून पाणी ओतायचं. हिशेब करून बघा. चाक १२०० मिलिमीटर व्यासाचं, तापमान ४०० अंशांनी वाढवलं, तर पोलादी धाव व्यासात सुमारे पावणेसहा मिलिमीटर मोठी होते. धाव किती लहान ठेवायची ते या मर्यादेच्या आत बसवावं लागतं. जास्त लहान केली तर चढणार नाही, कमी लहान केली तर उन्हाळ्यात लाकूड वाळलं की निसटेल. लोहारदादांना एच-७ माहीत नव्हतं, पण अलाउन्स माहीत होता.

आणि घरी? शाळेचा ड्रेस शिवताना आई टेलरला काय सांगायची? ‘वाढत्या अंगाचा शिवा.’ ‘अलाउन्स’ला याहून चांगला मराठी शब्द मला तरी सापडला नाही.

ताटातला आणि बाजारातला

रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, हाही अलाउन्सच. तो विषय तेवढ्यावरच सोडतो, कारण सेमिस्टर संपल्यावर घरी नेतो त्या गाठोड्यांचं वजन कुणी केलेलं नाही तेच बरं.

ताटातला अलाउन्स मात्र समजून घेण्यासारखा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराचे नवे तक्ते काढले. त्यात मोठ्या माणसाची प्रथिनांची सरासरी गरज वजनाच्या दर किलोला ०.६६ ग्रॅम धरली आहे. पण शिफारस केलेला अलाउन्स आहे ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या पोराला सरासरीने ४० ग्रॅम पुरतात, शिफारस मात्र ५० ची. हे वरचे १० कशाला? कारण सरासरीवर ताट वाढलं तर निम्म्या लोकांना कमी पडेल. ज्याची गरज जास्त आहे तोही उपाशी राहू नये, म्हणून जवळपास सगळे मावतील इतकी जागा ठेवली. मेस कमिटीने हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

आता बाजार. आपल्याकडे कापूस विकलेल्या घरातला प्रत्येक जण ओलाव्याचा हिशेब जाणतो. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत पूर्ण दर ८ टक्के ओलाव्यापर्यंत. त्यावर १२ पर्यंत प्रत्येक टक्क्याला दर एक टक्क्याने कमी, आणि १२ च्या वर खरेदी नाही. शेतकऱ्याला हे आवडो न आवडो, आकडा मीटरवर दिसतो आणि नियम आधी माहीत असतो. याउलट खासगी काट्यावर क्विंटलमागे अमुक किलो ‘कडता’ कापला जायचा. कशाचा? मातीचा, ओलाव्याचा, पोत्याचा, काहीही सांगायचं. मोजमाप नाही, लिखापढी नाही. दोन्ही ठिकाणी नाव ‘घट धरली’ असंच, पण एक अलाउन्स आहे आणि दुसरी चक्क लूट आहे. फरक कशात? मोजलं का, आधी सांगितलं का, आणि लिहून ठेवलं का, एवढ्यात.

हाच फरक आपल्यालाही लागू पडतो. ‘चालते बे, थोडंफार इकडेतिकडे’ असं म्हणून जॉब सबमिट करणारे आपल्यात कमी नाहीत. त्याला अलाउन्स म्हणत नाहीत. अलाउन्स काम सुरू करायच्या आधी ठरतो, चालढकल काम बिघडल्यावर आठवते.

माणसासाठी ठेवलेली जागा

होस्टेलवर नवीन कुणी भेटलं आणि मी गावाचं नाव सांगितलं, की हमखास प्रश्न येतो, ‘ते हेलिकॉप्टरवालं गाव का?’ हो, तेच. आमच्या गावातल्या वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेत असताना फिरतं पातं तुटलं, त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. वय फक्त २४. त्या आठवड्यात देशभरच्या चॅनेलवर फुलसावंगीचं नाव होतं. काहींनी त्याला हिरो केलं, काहींनी हसून सोडून दिलं. मला दोन्ही पटत नाही. पदवी नसताना, कुणी सर समोर नसताना इतकं उभं करणाऱ्याला हसायचा अधिकार, सबमिशन कॉपी मारणाऱ्या आपल्याला तरी नाही.

पण जे शिक्षण आपल्याला मिळतंय आणि त्याला मिळालं नाही, त्यात नेमकं काय आहे, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. थर्मोडायनॅमिक्सची सूत्रं? ती पुस्तकात कुणालाही सापडतात. मला वाटतं, अलाउन्स ठेवायची सवय, हेच ते शिक्षण.

दोन उदाहरणं सांगतो. २५० मेगापास्कलला यील्ड होणारं पोलाद असलं तरी जुन्या पद्धतीच्या डिझाइनमध्ये ताणासाठी १५० च धरायचे. त्यालाच ‘अलाउएबल स्ट्रेस’ म्हणतात, शब्द तोच आहे. सतत फिरणाऱ्या भागावर दर फेऱ्याला ताण कमीजास्त होतो, तिथे हा आकडा अजून खाली आणावा लागतो. हा झाला धातूसाठीचा अलाउन्स.

दुसरं उदाहरण विमानाच्या जेट इंजिनचं. नव्या इंजिनाला मान्यता देण्याआधी ते पूर्ण वेगात फिरवून पुढच्या पंख्याचं एक पातं मुद्दाम स्फोटाने तोडतात. तुटलेला तुकडा इंजिनाच्या कवचाच्या बाहेर यायला नको, ही अट. जगातल्या उत्तम धातूचं, एक्स-रे काढून तपासलेलं पातं असूनही ‘तुटणार नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘तुटलं तर कुठे जाईल?’ असं विचारतात. आणि चाचणी चालू असताना माणसं भिंतीपलीकडे, दुसऱ्या खोलीत असतात. हा झाला माणसासाठीचा अलाउन्स. यात धातूची ताकद मोजत नाहीत, माणूस कुठे उभा आहे ते मोजतात. आणि याला खर्चही फार नाही. वाळूची पोती, लांब केबलचा स्विच आणि एक माणूस ‘थांब’ म्हणणारा, एवढ्यातही सुरुवात होते.

आमच्या गावातल्या त्या कारागिराजवळ ‘थांब, आधी दुरून चालवून बघू’ असं म्हणणारं शिकलेलं माणूस असायला हवं होतं. आपल्यापैकी कितीजण सुटीत गावी गेल्यावर गॅरेजवाल्या, वेल्डिंगवाल्या दोस्ताजवळ बसतात? त्याने केलेल्या थ्रेशरच्या, कडबा कटरच्या फिरत्या भागावर गार्ड आहे का, हे किती जण बघतात? आपली डिग्री तिथे दहा मिनिटं खर्च केली तरी पुष्कळ आहे.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, वायवाला कुणी विचारलं ‘अलाउन्स म्हणजे काय’, तर सांगा : जे होणार किंवा होऊ शकतं हे माहीत आहे, त्याच्यासाठी आधीच, मोजून आणि लिहून ठेवलेली जागा. भाव वाढणार, धातू आक्रसणार, पोरगं वाढणार, कुणाची भूक जास्त असणार, पातं तुटू शकणार. पुढे सर उदाहरण मागतील, तर आता तुमच्याकडे भरपूर आहेत.

आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांना व आदरणीय सरांना एक विनंती. या वर्षी पवनचक्की, गो-कार्ट, ड्रोन असं जे काही फिरणारं लॅबमध्ये तयार होईल, त्याच्या टेस्ट शीटवर आरपीएम आणि व्होल्टेजच्या रकान्याआधी एक रकाना वाढवावा : ‘तुटलं तर कुठे जाईल, आणि तेव्हा आपण कुठे उभे असू?’ तो रकाना भरल्याशिवाय स्विच चालू करू नये.